संगणकातला महामार्ग

सुट्टी लागली की आमच्या घरातला संगणक चिरंजीवांच्या ताब्यात जातो. सध्या तेथे शहर उभारणीचे काम जोरात आहे. खेळाचे नाव ‘सिटीज : स्कायलाइन्स’. फिनलंडच्या कोलोसल ऑर्डर या कंपनीने तो २०१५ मध्ये तयार केला. पाणी, वीज, कचरा सारे खेळणाऱ्यानेच पाहायचे. पण खरी परीक्षा रस्त्यांची!

शहर वाढले तसा त्याचा महामार्ग तुंबला. त्याने तीन लेनच्या चार केल्या. कोंडी जशीच्या तशी. कारण शहरात उतरणारी वाट एकच. तिकडे वळणारी प्रत्येक गाडी कितीतरी आधीच कडेची लेन धरते, बाकीच्या रिकाम्या राहतात. त्याच रांगेत कचऱ्याची गाडी अडकते, शववाहिकाही अडकते.

मग त्याने चौक स्वतःच आखायला घेतला. आधी बाहेर पडणारी वाट, पुरेसे अंतर सोडून आत येणारी. तीन लेनमधली एक शहराकडे फुटली की पुढे दोनच ठेवायच्या. येणारी एक मिळाली की पुन्हा तीन. लेन बदलण्याची धांदलच उरत नाही. साधी बेरीज-वजाबाकी, पण वाहतूक वाहू लागली.

वळणाला मात्र जागा हवी होती. त्याने बुलडोझरचे बटण दाबले आणि घरांची एक ओळ नाहीशी झाली. मागे बसून शेंगा सोलणाऱ्या त्याच्या अज्जीने विचारले, “मंदि एल्लि होदरु?”

तो गप्प झाला. खेळात पाडापाडीला ना नोटीस, ना मोबदला, ना कोर्ट. आपल्याकडे हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले होते. ते अज्जीच्या ध्यानात होते, त्याच्या नव्हते.

रात्री त्याने जुना जतन केलेला खेळ पुन्हा उघडला. घरे तशीच ठेवून खांबांवरून रस्ता नेला. खर्च बराच वाढला. सकाळी पाहतो तर नवीनच तक्रार : गाड्यांच्या आवाजाने त्या घरांतली माणसे आजारी पडत होती!

आता तो आवाज अडवणाऱ्या भिंतींचा रस्ता बांधतो आहे. अज्जी शेजारी खुर्ची ओढून बसली आहे. पालकहो, मुलांचा महामार्ग पूर्ण झाला की कौतुक जरूर करा. पण त्याखाली आधी काय होते, हेही एकदा विचारा.