माळाची वाट आणि मामंजींचं घोंगडं

खेड्यात ‘फिरायला जाते’ म्हटलं की बायका तोंडाला पदर लावून हसतात. शेतात राबणाऱ्या बाईला वेगळं चालायचं ते कशाला! पण माझं काम बैठं. दुपारी शाळा, रात्री वह्या. म्हणून तीन वर्षं झाली, सकाळचा चहा टाकायच्या आधी मी माळाच्या वाटेला लागते.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस बेताचा, म्हणूनच आषाढ-श्रावणात ही वाट गजबजते. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरलेले धनगर पावसाच्या तोंडावर कळप घेऊन माघारी येतात. तिकडच्या मुसळधार पावसात मेंढरांची खुरं कुजतात ना! आधी कुत्रं येऊन मला हुंगून जातं, मागून ओल्या लोकरीचा वास. पूर्वी नाक दाबायची, आता तो वास आला की बरं वाटतं.

परतताना सणगर आळी लागते. तिथल्या एक आजी ओसरीवर लोकर पिंजून चरख्यावर सूत काढतात. त्या सुताला चिंचोक्याची शिजवलेली खळ कुंच्याने लावायची, म्हणजे ते तुटत नाही. मग खड्ड्यात पाय सोडून मागावर विणायचं. रंग कसला नाहीच. काळं मेंढरू, काळं घोंगडं.

आता माझा पराक्रम सांगते. मामंजींचं जुनं घोंगडं जावळाचं, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीचं. मी ते कढत पाण्यात साबणाची पूड घालून भिजवलं, वर धोपटलंही. वाळलं तेव्हा हातभर आखडलेलं, पुठ्ठ्यासारखं! मामंजी काही बोलले नाहीत. रात्री तेच ओढून निजले, पाय उघडेच.

मी ते आजींकडे नेलं. त्यांनी चाचपलं. “आवळलं गं बाय. आता न्हाई सुटायचं.” तसंच नवं विणून द्या म्हटलं, तर माळाकडे हात केला. “काळी मेंढरं हायती कुठं?”

दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं. कळपात बहुतेक माडग्याळ जातीची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, बाकदार नाक. वजनाला भारी, मटणाला भाव चांगला, पण अंगावर लोकर नावाला. धनगराला दोष कसा द्यावा? लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा सुटत नाही, असं तो सांगतो.

तुमच्या ट्रंकेत घोंगडं असेल तर त्याला गरम पाणी दाखवू नका. झटकून ऊन द्या, घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. डाग पडलाच तर तेवढाच भाग गार पाण्यात रिठ्याने, हलक्या हाताने.

आजींनी विणायचं कबूल केलंय, काळ्या कोकरांचं जावळ मिळालं तर. परवा कळपात अकरा मोजली. धनगराला सांगून ठेवलंय. आखडलेल्या घोंगड्याची दोन आसनं कापली. त्यातल्या एकावर मामंजी सकाळी चहाला बसतात.