दोन पाडव्यांमधली वैरण

शिवणाची टेप, भाजी तोलायचा ताणकाटा आणि मुलाची जुनी वही. एवढ्या सामानावर मी २०२३ च्या दिवाळीत आमच्या गोठ्याचा हिशेब मांडला. घरात सगळे हसले. आत्या (म्हणजे माझ्या सासूबाई) तर म्हणाल्या, "अगं, जनावराचं तोंड बघून वैरण घालायची असती. मापं कसली घेतीस? झंपर शिवतीस का गाईला?"

आत्यांचं चूक नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी नजरेनंच गोठा सांभाळला. पण नजर आज काय घालायचं ते सांगते, वैशाखात काय घालायचं ते सांगत नाही. आणि आमच्या माण तालुक्यात खरी परीक्षा वैशाखातच असते.

२०१८ चा पाऊस ओढला, तेव्हाची गोष्ट. गंज दिसायला मोठी होती, म्हणून आम्ही निर्धास्त. फेब्रुवारीत ती संपली. कडब्याचा भाव तोपर्यंत असा चढला होता, की शेकड्याचा दर ऐकूनच आमचे हे बाजारातून परत आले. पुढे २०१९ मध्ये छावण्या सुरू झाल्या, पण त्याआधीच आम्ही खिलार गाईची कालवड बाजारात नेली होती. सगळ्यांनाच विकायचं होतं, घेणारं कुणी नव्हतं. मिळेल त्या भावाला दिली. ती गाय म्हणजे आत्यांच्या माहेरून आलेल्या गाईची नात. त्या दिवशी आत्या जेवल्या नाहीत. तीच कालवड कार्तिकात विकली असती तर बरा भाव आला असता, आणि त्या पैशात कडबाही आला असता. ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

पुढे बचत गटाच्या मीटिंगला जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले होते. त्यांनी सांगितलेलं मी वहीत उतरवून घेतलं. जनावराला रोज किती लागतं ते त्याच्या वजनावर ठरतं. पण गाय काट्यावर कशी चढवायची? तर टेपनं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्यायचा, इंचात. मग खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळच्या हाडापर्यंत लांबी. घेराला घेरानंच गुणायचं, त्याला लांबीनं गुणायचं आणि ६६० नं भागायचं. येतं ते साधारण किलोतलं वजन. आमच्या खिलारीचा घेर ६२, लांबी ५२. वजन आलं ३०० किलो. जर्शीचं आलं ३७०.

गाईला रोज वजनाच्या शंभराला अडीच किलो कोरडा चारा लागतो, दुधाची असेल तर तीनपर्यंत. शेळी लहान दिसते, पण वजनाच्या मानानं जास्त खाते, शंभराला चार धरायचे. इथं एक मेख आहे. कोरडा म्हणजे पाणी वजा जाता. हत्तीगवत किंवा हिरवी मका पाच किलो घातली, तर त्यात जेमतेम एक किलो कोरडा चारा असतो, बाकी पाणी. कडब्यात मात्र दहा किलोला नऊ किलो. हिरव्याचा भारा डोक्यावर जड लागतो म्हणून आपल्याला वाटतं, आज पोटभर घातलं. पाठ दुखते आपली, आणि गाय रिकाम्या गव्हाणीतून बघत असते.

तर आमचा हिशेब असा झाला. खिलारी साडेसात किलो, जर्शी अकरा. आठ शेळ्या, सरासरी तीस किलोच्या, त्यांना साडेनऊ. पण शेळ्या निम्मं पोट बाभळीच्या शेंगांवर, बोरीच्या पाल्यावर भरतात, म्हणून त्यांचे पाचच धरले. एकूण रोजचे २४ किलो. दिवाळीच्या पाडव्यापासून नवं गवत चरण्याजोगं होईपर्यंत आठ महिने, म्हणजे २४० दिवस. ५,७६० किलो. एवढा आकडा बघून मीच पेन खाली ठेवला.

आता जवळ किती? गंजीतल्या वीस पेंढ्या ताणकाट्याला लावल्या, सरासरी दोन किलो भरली. ओल वजा केली तर १.८. पेंढ्या होत्या १,२००, म्हणजे २,१६० किलो.

माळाचं मोजणं अवघड वाटत होतं, पण त्यातच खरी मजा आली. चार काठ्यांची एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट बांधली. आमचा पाच एकर माळ आहे. मुलगा चौकट घेऊन चालायचा, ठरावीक पावलांनी डोळे मिटून टाकायचा. डोळे मिटून अशासाठी, की नाहीतर हात आपोआप दाट गवताकडे जातो. चौकटीतलं गवत विळ्यानं कापायचं, पिशवीत भरायचं. अशा दहा जागा. ते कडकडीत वाळवून तोललं. सरासरी दीडशे ग्रॅम भरलं. एका एकरात चार हजारांवर चौरस मीटर, म्हणजे एकरी सहाशे किलो. पाच एकराचे तीन हजार.

मी खूश झाले. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, निम्मंच आपलं धरा. निम्मं माळाला सोडायचं. गवत बुडापर्यंत ओरबाडलं की मुळं खंगतात, पुढच्या पावसात फुटवा कमी येतो. पवना, मारवेल ही चांगली गवतं आधी जातात, कारण जनावर आधी तीच खातं. मग कुसळी माजते. ती कोवळी असताना ठीक, पण कुसळं धरली की जनावराच्या तोंडाला टोचते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारनं डोंगरावर चराईबंदी केली आणि गवत विळ्यानं कापून न्यायला लावलं, ते याचसाठी. आमच्या माळाच्या रस्त्याकडच्या तुकड्यात नुसती कुसळीच का, हे मला त्या दिवशी कळलं. तिथं सगळ्या गावाची गुरं तोंड मारतात, आमची धरून.

म्हणजे माळाचे दीड हजारच. कडबा धरून ३,६६० किलो. भागिले २४. आले १५२ दिवस. कॅलेंडरवर मोजलं तर १४ एप्रिल. दिवाळीच्या पाडव्याला सुरू केलेली वैरण गुढीपाडवा झाला की चार-पाच दिवसांत संपणार आणि पुढचे तीन महिने गव्हाण रिकामी.

हे आत्यांना सांगायचं म्हणजे धाकधूक. कारण वही सरळ सांगत होती, खिलारी विका. रोजचे साडेसात किलो वाचतात, २४० दिवसांचे अठराशे. दूध जर्शीचं, डेअरीला जातं ते तिचं. खिलारीचं लिटर-दीड लिटर घरात संपतं. ह्यांनीही मान डोलावली. आत्या काहीच बोलल्या नाहीत, उठून गोठ्यात गेल्या. मला २०१९ ची संध्याकाळ आठवली.

मैत्रिणींनो, हिशेब असला की त्याच्याशी भांडता येतं, हे मला तेव्हा समजलं. मी रात्री पुन्हा वही उघडली. तूट २,१०० किलोची. शेळ्या माझ्या, गटाच्या कर्जातून घेतलेल्या. चार विकल्या तर पावणेसहाशे किलो वाचत होते. राहिले दीड हजार, म्हणजे साधारण ८५० पेंढ्या. शेळ्यांच्या पैशात तेवढ्या बसतील? दिवाळीच्या दिवसांत शेळ्यांना भावही होता आणि कडबा चैत्रापेक्षा खूपच स्वस्त होता. बसल्या. वर कुट्टी करून घालायला लागलो, कारण अखखा कडबा घातला की जाड बुडखे गव्हाणीतच राहतात. ते दांडे आम्ही वर्षानुवर्षं चुलीत घालत होतो. नुसत्या कडब्यात कस कमी, म्हणून जर्शीला सरकी पेंड चालूच ठेवली.

शेळ्या विकताना मला वाईट वाटलं. त्यातली एक दोन करडं देणारी होती. पण तो निर्णय मी माझ्या मनानं घेतला होता, बाजारानं माझ्यावर लादला नव्हता.

अंदाज तंतोतंत थोडाच उतरतो! गंजीचा खालचा थर वाळवीनं खाल्ला, साठ-सत्तर पेंढ्या गेल्या. मे महिन्यात बाभळीखाली शेंग राहिली नाही, तेव्हा शेळ्यांना मी धरल्यापेक्षा जास्त घालावं लागलं. पण २०२४ चा पाऊस वेळेवर आला, जुलैच्या सुरुवातीला माळ हिरवा झाला, आणि गंजीत पन्नासेक पेंढ्या उरल्या होत्या.

त्यानंतर गंज रचताना खाली दगड मांडून वर बाभळीच्या फांद्या टाकतो. आणि खिलारी पुन्हा गाभण राहिली, तेव्हा आत्यांनीच मला गोठ्यातून हाक मारली, "ती टेप आण गं. पोटुशीला जादा लागतं, हे लिहिलंयस का वहीत?"

लिहिलं नव्हतं. मग लिहिलं.