कात्री लावण्याआधी वेली गुलाब ओळखा

पाऊस सरला की पिंपरी-चिंचवडच्या बागांमध्ये छाटणीचे दिवस येतात. ऑक्टोबरात कात्री लावली की कलमी गुलाब साधारण दीड महिन्यात फुलावर येतो. पण हा हिशेब झुडपी गुलाबाचा. फाटकावर किंवा कमानीवर चढलेल्या जुन्या वेली गुलाबाला तो लावला, तर त्या वर्षीचा बहर हातचा गेलाच. जुने वेली गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच आणि तेही मागच्या वर्षीच्या लांब फांद्यांवर फुलतात. त्यांची छाटणी बहर ओसरल्यावर करायची असते. ऑक्टोबरातल्या कात्रीमुळे फूल येत नाही, मग वेल वांझ ठरते आणि मुळासकट उपटली जाते. ओळख नसल्यानेच हे घडतं.

या पट्ट्यात गुलाब म्हटलं की आज मावळ-तळेगावची पॉलिहाऊस डोळ्यांसमोर येतात. तिथला ‘टॉप सीक्रेट’सारखा लांब दांड्याचा लाल डच गुलाब व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात परदेशी जातो. दिसायला देखणा, वास जवळजवळ नाही. जुन्या बागांची गोष्ट वेगळी. पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आलं, 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, आणि कारखान्यांच्या सोबतीने वसाहती व अंगणं असलेली घरं उभी राहिली. आता यांतली बरीच घरं पुनर्विकासात जात आहेत. अंगणातल्या गुलाबाला बहुधा नावाची पाटी नसते, आणि लावणारा माणूसही विचारायला नसतो. मग झाडालाच विचारावं लागतं.

पहिली तपासणी बुंध्याशी. कलमी गुलाब म्हणजे खुंटावर भरलेला डोळा. त्या जागी गाठ असते. वेल गाठीखालून फुटली असेल, तर वरचं मूळ कलम मरून खुंटच वाढलेला असण्याची शक्यता फार मोठी. अमेरिकेतल्या जुन्या बागांत गडद लाल ‘डॉक्टर ह्यूई’ असाच ठिकठिकाणी दिसतो. तो तिथे खुंट म्हणून वापरला जात होता, लावलेला गुलाब गेला आणि खुंट उरला. आपल्याकडे रोझा मल्टिफ्लोरा, रोझा इंडिका आणि ‘एडवर्ड’ हे खुंट म्हणून वापरात आले आहेत. गाठच नसेल, तर वेल छाटकलमाने लावलेली असू शकते.

मग पान. सात पानांची फूट जंगली आणि पाचांची कलमी, या समजुतीने चांगल्या वेलींचा घात केला आहे. अनेक वेली गुलाबांना मुळातच सात पर्णिका असतात. पर्णिका मोजण्यापेक्षा पानाचा देठ फांदीला जिथे मिळतो तिथे बघा. देठाच्या दोन्ही बाजूंना चिकटलेली छोटी उपपर्णं असतात. त्यांची कड झालरीसारखी बारीक फाटलेली दिसली, तर मल्टिफ्लोराचं रक्त नक्की समजा. उपपर्णं लवकर गळून जात असतील आणि फांदी जवळपास बिनकाट्याची असेल, तर बँक्सिया. पान चकचकीत आणि फांद्या जमिनीलगत पसरणाऱ्या असतील, तर विचुरायाना गटाकडे वळा. 1921 सालचा ‘अल्बर्टीन’ याच गटातला.

गंधाचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, पण तो शेवटी तपासावा. इंग्लंडच्या ग्रॅहॅम स्टुअर्ट थॉमस यांनी 1965 साली वेली गुलाबांवर ग्रंथ लिहिला, त्यात गंधाकडे बारकाईने पाहिलं. कस्तुरी गुलाबाच्या गटात वास पाकळ्यांपेक्षा पुंकेसरांतून येतो आणि हवेवर दूर जातो. फुलाशी नाक नेऊन फारसं काही कळत नाही, चार पावलं मागे मात्र वास दरवळतो. एका फुलाच्या पाकळ्या काढून उरलेले पुंकेसर हुंगा, फरक लगेच जाणवेल. गावठी गुलाबाचं उलट: गंध पाकळीत असतो, म्हणून तर त्याचा गुलकंद होतो. ‘टी’ वर्गातल्या गुलाबांना चहापत्तीची आठवण देणारा कोरडा वास असतो, विचुरायाना गटातल्या बऱ्याच जातींना हिरव्या सफरचंदाचा.

वास घ्यायचा तर सकाळी ऊन चढण्याआधी. भोसरी किंवा चाकणच्या रस्त्यालगत याला आणखी एक कारण आहे. डिझेलच्या धुरात फुलांच्या गंधातले काही घटक झपाट्याने मोडतात, हे प्रयोगांतून दिसलं आहे. वाहनांची गर्दी असताना वास आला नाही, म्हणून फुलाला बिनवासाचं ठरवू नका.

फुलानेही फसायला होतं. 1935 सालचा सुगंधी ‘क्रिम्सन ग्लोरी’ झुडपी, पण त्याचाच वेली अवतारही आहे. फूल तेच, वाढ वेगळी. फांदी जाड, ताठ आणि फुलं मोठी व वर्षभर येणारी असतील, तर तो असा चढणारा कलमी गुलाब. फांद्या लवचिक, लांब आणि लहान फुलांचे घोस एकाच हंगामात येत असतील, तर खरा जुना वेली गुलाब. पहिल्याला ऑक्टोबरात हलकी छाटणी चालते, दुसऱ्याला नाही.

एवढं करूनही जातीचं नाव ठरत नाही, आणि ते घाईने ठरवूही नये. ‘मल्टिफ्लोरा गट, एकदा फुलणारा, गंध पुंकेसरात’ एवढी नोंद, फांदी-पान-फुलाचे फोटो आणि बहराचा महिना पुरेसा आहे. अंदाजाने चिकटवलेलं नाव पुढच्या माणसाची दिशाभूल करतं.

घर पुनर्विकासात जाणार असेल, तर बिल्डरची माणसं येण्याआधी पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांदीचे वीतभर तुकडे काढा. वेली गुलाब छाटकलमाने सहसा चांगले लागतात, खुंटाची गरज पडत नाही. रोपं तयार झाली की एक आपल्याकडे ठेवा, दुसरं दुसऱ्या घरी द्या, नोंदीच्या चिठ्ठीसकट.