मोंढ्यातली अमेरिका

परभणीच्या मोंढ्यात परराष्ट्र धोरणावर कुणी व्याख्यान देत नाही, पण अमेरिकेचा विषय तिथे अधूनमधून निघतोच. परक्या सत्तेचे वजन आमचे लोक धान्यात आणि कापसात मोजतात.

१९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. माझी अम्मी तिची चव सांगताना नाक मुरडायची आणि लगेच म्हणायची, "पण तिच्यावरच जगलो." नाराजी आणि उपकार एकाच घासात होते.

गाजरगवताचे घ्या. ते अमेरिकन गव्हाबरोबर आले, असे बांधावरचा कुणीही ठासून सांगेल. पुण्यात ते १९५५च्या सुमारास आढळले आणि पी.एल. ४८० खालचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६चा, म्हणजे तारखा नीट जुळत नाहीत. लोकांनी मात्र त्याला 'काँग्रेस गवत' म्हटले. या नावाची कारणे अनेक सांगतात. कुणाला पांढऱ्या फुलांत टोपी दिसते. मला त्यात एक प्रश्न ऐकू येतो: आले बाहेरून, पण दार कुणी उघडले?

२०२५च्या पावसाळ्यात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. अमेरिकेने २७ ऑगस्टपासून बऱ्याच भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले. तिकडे कपडे पाठवणाऱ्या उद्योगाला कच्चा माल स्वस्त पडावा म्हणून दिल्लीने १९ ऑगस्टपासूनच कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढले. सवलत ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. आमची वेचणी नेमकी त्याच महिन्यांतली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. पण गिरणीला बाहेरचा कापूस स्वस्त मिळू लागला की मोंढ्यातला व्यापारी हात आखडता घेतो. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाडा झोडपलेला. सीसीआयच्या खरेदीची वाट पाहण्याची ज्याची ऐपत नाही, त्याला मिळेल त्या भावात माल द्यावा लागतो.

गिरणी जगावी असे कापूसवाल्यालाही वाटते. ती बुडाली तर त्याचा कापूस घेणार कोण? त्याचे म्हणणे एवढेच, की शुल्क वॉशिंग्टनने वाढवले, तोडगा दिल्लीने काढला आणि झळ मात्र आमच्या बांधावर आली. बलाढ्य देशाचा दबाव आपल्या हातात नसेल. तो कुणाच्या खांद्यावर टाकायचा, हे मात्र आपल्याच घरात ठरते. परभणीचा माणूस अमेरिकेबद्दल बोलतो, तेव्हा त्याची नजर दिल्लीकडे असते ती यासाठीच.