दुकानातल्या स्टुलासाठी कायदा का करावा लागला?

साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसले, तरी सेल्सगर्ल उभीच दिसते. बसली तर बोलणी खावी लागतात. याविरोधात केरळमधील कोझिकोड येथे पी. विजी यांच्या पुढाकाराने दुकानांतील महिला कामगार एकत्र आल्या. त्यांच्या लढ्यानंतर केरळने २०१८ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला.

तरतूद काय?
मालकाने कामगारांसाठी बसण्याची व्यवस्था करायची आणि कामात उसंत मिळेल तेव्हा त्यांना बसू द्यायचे.

आधी असा कायदा नव्हता?
होता, पण कारखान्यांसाठी. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४४ नुसार उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय द्यावी लागत असे. दुकाने त्यात येत नव्हती.

उभे राहिल्याने काय होते?
रोज तासन् तास उभे राहिल्यास पाय सुजतात, कंबर दुखते. पायांच्या शिरा फुगण्याचा, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सचा धोका वाढतो.

मग प्रश्न सुटला?
नुसते स्टूल ठेवून भागत नाही. दोन मिनिटे टेकलेल्या कामगाराला कामचुकार समजणेही थांबायला हवे.