जोगलटेंभी नाणेनिधी : नहपानाची रौप्यनाणी व सातवाहनांचे पुनर्मुद्रांकन

प्राचीन महाराष्ट्राच्या इतिहासात क्षहरात क्षत्रप व सातवाहन यांच्या संघर्षाचा कालानुक्रम हा दीर्घकाळ विवाद्य विषय राहिला आहे. या विवादात नाशिक परिसराने दिलेला सर्वांत ठोस पुरावा म्हणजे सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेला नाणेनिधी होय. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी अभ्यासलेल्या या निधीत १३,२५० हून अधिक रौप्यनाणी होती. ती सर्व मूलतः नहपानाची; परंतु त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छाप उमटविला होता.

नहपानाच्या नाण्याच्या दर्शनी बाजूस राजाचा मुखवटा व ग्रीक लिपीतील लेख, तर मागे बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आढळतात. मुखवट्यांत वय व चेहरेपट्टी यांची इतकी भिन्नता आहे की, ते एकाच व्यक्तीचे नसावेत, अशी शंका खुद्द स्कॉट यांनाही आली. गौतमीपुत्राने यावर एका बाजूस चैत्य व स्वतःचे नाव, तर दुसरीकडे उज्जैन चिन्ह ठोकले. अनेक नाण्यांवर जुन्या राजाचे नाक किंवा एखादे अक्षर नव्या छापाखालून डोकावते.

नाणी वितळविली का नाहीत? चलनाची निकड हे कारण संभवते. अंबडनजीकच्या त्रिरश्मी लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकर श्रेणींकडे ३,००० कार्षापणे कायम ठेव म्हणून ठेवल्याचा लेख आहे. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक, तर १,००० वर पाऊण टक्का व्याज ठरले होते. ३५ कार्षापणांस एक सुवर्ण हा विनिमयदरही तेथेच नोंदलेला आहे. अशा रोकड व्यवहारात रुळलेली चांदी एकाएकी काढून घेणे कोणत्याही विजेत्यास परवडणारे नव्हते. छाप न मारलेली नाणीही त्याच निधीत असल्याने दोन्ही प्रकार एकत्र चालत असावेत.

कालनिर्णयाच्या दृष्टीने मात्र या निधीत जे नाही, तेच अधिक बोलके आहे. नहपान व गौतमीपुत्र यांच्या दरम्यानच्या कोणत्याही राजाचे एकही नाणे त्यात नाही. त्यामुळे गौतमीपुत्राने नहपानाचा किंवा त्याच्या अगदी निकटच्या वारसाचाच पाडाव केला, हे मत ग्राह्य ठरते. उषवदाताच्या लेखांतील ४१, ४२, ४५ ही वर्षे शकसंवताची की नहपानाच्या राज्यारोहणाची, हा प्रश्न केवळ या नाण्यांवरून सुटत नाही.