केमोल्ड कलादालन

केमोल्ड कलादालन : मुंबईतील समकालीन भारतीय कलेचे एक खाजगी प्रदर्शनगृह. केकू गांधी (१९२०–२०१२) व त्यांच्या पत्नी खोरशेद यांनी ते १९६३ मध्ये जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावरील लहानशा जागेत सुरू केले. ‘केमोल्ड’ हे नाव मूळचे गांधींच्या चित्रचौकटींच्या धंद्याचे. ‘केमिकल मोल्डिंग’ या शब्दांचा तो संक्षेप होय.

दुसऱ्या महायुद्धामुळे केकू गांधींचे केंब्रिज येथील शिक्षण अपुरे राहिले व ते मुंबईतच चौकटींच्या व्यवसायात शिरले. ऑस्ट्रियातून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांच्या सहवासात त्यांना आधुनिक कलेची गोडी लागली. आपल्या दुकानाच्या दर्शनी काचेमागे ते आरा, हुसेन आदी तरुण चित्रकारांची चित्रे मांडीत. नव्या चित्रांना त्या काळी गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतेच. जहांगीर कलादालन (१९५२) उभे राहण्यातही गांधींचा वाटा होता. तथापि ते भाड्याने मिळणारे दालन असल्याने प्रदर्शनाचा आठवडा सरला, की चित्रकार पुन्हा एकाकी पडे. एकाच कलावंताचे काम वर्षानुवर्षे मांडत राहणे, ही उणीव केमोल्डने भरून काढली. तय्यब मेहता, भूपेन खक्कर, अतुल दोडिया अशा वेगवेगळ्या पिढ्यांतील चित्रकारांना त्याचा लाभ झाला.

दालनाचा भार दीर्घकाळ चौकटींच्या धंद्याने वाहिला. विक्रीची आशा नसलेली कलाही येथे मांडली गेली, याचे कारण बहुधा हेच. १९७५ मध्ये येथे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे प्रदर्शन झाले. लग्नप्रसंगी स्त्रियांनी शेणामातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढावयाची ही कला तेव्हा शहरी रसिकांना अपरिचितच होती. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी मशे यांच्या हाती कागद दिला होता. लोककलेचा नमुना म्हणून नव्हे, तर एका नामांकित कलावंताची निर्मिती म्हणून ती मांडली गेली, हे विशेष. नलिनी मलानी यांनी तर १९९२ मध्ये ‘सिटी ऑफ डिझायर्स’ या प्रदर्शनात दालनाच्या भिंतींवरच रेखाटने केली व अखेरीस त्यांवर पांढरा रंग फिरविला गेला. नाथद्वार येथील जुन्या भित्तिचित्रांच्या दुरवस्थेचा विषाद त्यामागे होता. विकण्याजोगे काहीच न उरणारे असे प्रदर्शन भरविण्यास निव्वळ व्यापारी दालन क्वचितच धजले असते.

१९८८ पासून दालनाची सूत्रे गांधींची कन्या शिरीन यांच्याकडे आली. संस्थेच्या चाळिशीनिमित्त २००३ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मोठे प्रदर्शन भरले. गीता कपूर व चैतन्य संब्राणी यांनी त्याची मांडणी केली होती. भव्य मांडणशिल्पांना जुनी जागा अपुरी पडू लागली होती. २००७ मध्ये दालन फोर्ट विभागातील प्रेस्कॉट मार्गावरील क्वीन्स मॅन्शन या जुन्या इमारतीत हलविण्यात आले व ‘केमोल्ड प्रेस्कॉट रोड’ या नावाने ओळखले जाऊ लागले.